मोटर एक तृतीयांश नॉबपर्यंत नुसती गुणगुणते आणि मग एकदम सुटते, मॉसफेट पण तापतंय

गुंडाळी_मास्टर

मंडळी, आठवडा झाला डोकं खाजवतोय, आता तुम्हीच बघा. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायला एक मशीन बनवतोय, १२ व्होल्टची गिअर मोटर, आर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), एक १० केचं (१०,००० ओहमचं) पॉट, म्हणजे नॉबवाला बदलता रेझिस्टर, आणि आयआरएफ५४०एन मॉसफेट, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. पॉट रीड करायचं आणि पिन ९ वर पीडब्ल्यूएम द्यायचं (झपाझप चालू-बंद होणारे पल्स, व्हॅल्यू ० ते २५५), फेऱ्या मोजायच्या, बाकी कोडमध्ये काहीच नाही. मॉसफेट खालच्या बाजूला आहे, म्हणजे मोटरचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं ड्रेनला, सोर्स ग्राउंडला (करंट ड्रेनमधून सोर्सकडे जातो, गेट त्याला चालू-बंद करतो). पिनपासून गेटला २२० ओहमचा रेझिस्टर, गेटपासून ग्राउंडला १० के. अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट २ अँपियरचा, त्याच्यावरच मोटर आणि त्याच्यावरच आर्डुइनो.

आता रडगाणं. नॉब फिरवायला लागलो की मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. पीडब्ल्यूएमची व्हॅल्यू सिरीयल मॉनिटरवर बघतोय, ८५ पर्यंत ढिम्म. ९० ला वगैरे अचानक उसळी मारून सुटते आणि माझी ३६ गेजची तार फट्‌कन तुटते. केसासारखी तार आहे ती, तिला झटका चालतच नाही. पूर्ण नॉब फिरवला की चालते बरी, पण ताकद कमी वाटते आणि पाच मिनिटांत मॉसफेटवर बोट टेकवत नाही. वर अधूनमधून आर्डुइनो स्वतःच रिसेट होतो, तेही गुंडाळी मध्यावर असताना, म्हणजे फेऱ्यांचा आकडा पण गेला.

एक मॉसफेट आधीच उडालंय. कुठेतरी वाचलं की मोटरवर कपॅसिटर लावला की स्मूथ चालते, म्हणून ४७० मायक्रोफॅरडचा थेट मोटरच्या टोकांवर लावला होता, दहा मिनिटांत वास आला. डायोड लावलेला नाही कारण मॉसफेटच्या आत डायोड असतोच ना, सिम्बॉलमध्ये दिसतोय की.

फुकटचा_सल्ला

मोठा हीटसिंक लाव आणि विषय संपव. माझ्याकडे पण तापायचं, अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी लावली, दोन वर्षं झाली चालूच आहे. आणि सुरुवातीच्या झटक्यासाठी मोटरच्या सिरीजमध्ये एक वायरवाउंड रेझिस्टर टाक, आपोआप नरम होईल.

तांब्याची_तार

हीटसिंक नंतर बघू. २ अँपियरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या मोटरला आयआरएफ५४०एन नीट ऑन असेल तर हीटसिंक लागतच नाही, तापतंय म्हणजे काहीतरी गडबड आहे आणि ती झाकायची नाही, शोधायची आहे. सिरीज रेझिस्टर तर अजिबात नको. मोटर सुटताना जास्त करंट मागते, नेमका तेव्हाच रेझिस्टर व्होल्टेज खाऊन टाकतो, म्हणजे आत्ता ८५ ला अडतेय ती १२० ला अडेल.

गुंडाळी_मास्टर, मल्टीमीटर आहे ना? मग एवढं कर. नॉब पूर्ण फिरव, व्हॅल्यू २५५ पाहिजे. २५५ ला पीडब्ल्यूएम नसतंच, पिन सरळ हाय राहते, त्यामुळे मीटर खरं व्होल्टेज दाखवतो. तेव्हा तीन मापं घे: आर्डुइनोच्या पिनवर किती, मॉसफेटच्या गेटच्या पायावर किती, आणि मोटर चालू असताना ड्रेन ते सोर्स किती. काळा प्रोब तिन्ही वेळा मॉसफेटच्या सोर्सच्या पायावरच ठेव, ब्रेडबोर्डच्या ग्राउंड पट्टीवर नको. मोटरचा करंट पण मोज जमलं तर.

गुंडाळी_मास्टर

मोजलं. आधी चुकून नॉब अर्धा असतानाच मोजलं तर गेटवर २ व्होल्ट आले, म्हटलं पिनच गेली की काय! मग तुमची पोस्ट परत वाचली. पूर्ण नॉबला:

पिनवर ४.९
गेटच्या पायावर ४.०
ड्रेन ते सोर्स १.१
मोटरचा करंट १.४ अँपियर, रिकामा स्पूल लावून

तांब्याची_तार

अर्ध्या नॉबला २ दिसलं ते बरोबरच आहे, मीटर सरासरी दाखवतो. पीडब्ल्यूएम चालू असताना मीटरवर गेट मोजून बरेच जण फसतात, त्यात तुझी चूक नाही.

पण आता मजा बघ. १.१ व्होल्ट गुणिले १.४ अँपियर म्हणजे दीड वॉट मॉसफेटमध्येच जळतोय. हीटसिंक नसलेलं हे पॅकेज वॉटमागे साधारण ६२ अंश चढतं, म्हणजे खोलीच्या तापमानावर ९० अंशांच्या वर. बोट टेकणार कसं. आणि हे २५५ ला, जिथे स्विचिंगच होत नाहीये. म्हणजे फ्रिक्वेन्सी, स्विचिंग लॉस वगैरे सगळं बाजूला ठेव, मॉसफेट अर्धवट ऑन आहे एवढंच. आयआरएफ५४०एनचा जो ४४ मिलीओहमचा आकडा (ऑन असतानाचा रेझिस्टन्स) सगळे सांगतात तो गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा आहे. त्याचं थ्रेशोल्ड, म्हणजे जिथे ते जेमतेम ऑन व्हायला लागतं ते गेटचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट. तू ४.० देतोयस, म्हणजे नशिबाने चालतंय.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुपतेय. पिनवर ४.९ आणि गेटवर ४.०? मध्ये फक्त २२० ओहम आहे. गेट स्थिर असताना करंट पीतच नाही, मग २२० वर ०.९ व्होल्ट पडतो कसा? ०.९ भागिले २२० म्हणजे ४ मिलीअँपियर कुठेतरी वाहतायत. आणि गेटकडून ग्राउंडला जाणारी वाट एकच, तुझा पुलडाउन, म्हणजे गेटपासून ग्राउंडला लावलेला तो १० के. ४ व्होल्ट भागिले ४ मिलीअँपियर, किती आले? १ के. भाऊ, तो १० के नाहीये. पॉवर बंद करून गेट ते सोर्स रेझिस्टन्स मोज आणि सांग.

गुंडाळी_मास्टर

९८४ ओहम. 🙏

रात्री ट्यूबलाइटखाली लावला होता, तपकिरी-काळा-नारिंगी समजून. आत्ता खिडकीजवळ नेऊन बघितलं तर तपकिरी-काळा-लाल. त्या निळ्या बॉडीच्या मेटल फिल्मवर लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि वर पाचवी पट्टी पण असते, ती तर मी बघितलीच नव्हती.

रिटायर्ड_वायरमन

पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरला तपकिरी-काळा-काळा-लाल हा १० के आणि तपकिरी-काळा-काळा-तपकिरी हा १ के. तू चार पट्ट्यांच्या हिशेबाने वाचतोयस. आधी चार आहेत का पाच ते मोज बाळा. खरं तर रंग वाचूच नकोस, मीटर लाव, दोन सेकंदांचं काम आहे. आमच्या वेळी मीटर एक आणि माणसं पाच असायची म्हणून रंग पाठ करावे लागायचे.

गुंडाळी_मास्टर

काका खरंच चार पट्ट्यांचाच आहे, पाचवी समजत होतो तो डाग निघाला. असो. १० के बदलला, आता गेटवर ४.८, ड्रेन-सोर्स ०.३, मॉसफेट कोमट. पूर्ण स्पीडला ताकद पण वाढली.

पण खालचा प्रॉब्लेम तसाच आहे!! ८५ चं ८० झालं एवढंच, गुणगुण तीच, उसळी तीच. रिसेट पण तसाच.

फ्लक्सचा_वास

कारण तो दुसरा आजार आहे. डायोडबद्दल कुणी बोललंच नाही अजून, मी वाटच बघत होतो.

मॉसफेटच्या आतला डायोड हा फ्रीव्हील डायोड, म्हणजे मॉसफेट बंद असताना मोटरच्या करंटला गोल फिरायला वाट देणारा डायोड, नाही. तो ड्रेन आणि सोर्सच्या मध्ये आहे. तुझ्या मोटरचा करंट कुठून कुठे जातो बघ: १२ व्होल्टकडून मोटर, मोटरमधून ड्रेन, ड्रेनमधून सोर्स. मॉसफेट बंद झालं की मोटरची गुंडाळी म्हणते मला करंट चालूच ठेवायचाय, त्याच दिशेने. त्या दिशेला आतला डायोड उलटा आहे, वाटच देत नाही. मग ड्रेनचं व्होल्टेज चढत जातं, चढत जातं, १०० व्होल्टच्या पुढे गेलं की मॉसफेट अ‍ॅव्हलांचमध्ये जाऊन (म्हणजे बंद असूनही जास्त व्होल्टेजने वाहायला लागून) ती सगळी एनर्जी स्वतःत गिळतं. सेकंदाला ४९० वेळा, कारण पिन ९ ची फ्रिक्वेन्सी तेवढी आहे.

आता तुझी उसळी कुठून येते ते सांगतो, कारण लोक डायोडला फक्त मॉसफेट वाचवणारा समजतात आणि ते अर्धंच खरं आहे. डायोड असला की बंद काळात करंट मोटर आणि डायोड यांच्यात गोल फिरत राहतो, हळूहळू उतरतो, तोपर्यंत पुढचा पल्स येतो. म्हणजे मोटरला जवळपास सलग करंट मिळतो आणि टॉर्क करंटवरच असतो. डायोड नसला की प्रत्येक पल्सनंतर करंट झटक्यात शून्य. ३० टक्के ड्यूटीला (म्हणजे पल्स ३० टक्के वेळच चालू) मोटरला ३० टक्के वेळ थोडासा करंट आणि बाकी वेळ काहीच नाही. ती बिचारी घर्षण मोडण्याइतका टॉर्क जमवूच शकत नाही, नुसती ४९० हर्ट्झला थरथरते, तीच तुझी गुणगुण. ९० ला कसंबसं घर्षण सुटतं, आणि एकदा सुटल्यावर चालतं ठेवायला लागणारा टॉर्क सुटायच्या टॉर्कपेक्षा कमी असतो, म्हणून धावत सुटते. तार तुटणारच.

१एन५८२२ लाव, ३ अँपियर ४० व्होल्टचा शॉटकी, म्हणजे पटकन बंद होणारा डायोड. मोटरच्या टोकांवर, पट्टी १२ व्होल्टच्या बाजूला. उलटा लावलास तर मॉसफेट ऑन झाल्या झाल्या सप्लाय डायोडमधून शॉर्ट, तेव्हा दोनदा बघ. वायर शक्य तेवढ्या आखूड.

पहिलाच_प्रोजेक्ट

१एन४००७ नाही चालणार का? सगळ्यांकडे तोच पडलेला असतो.

फ्लक्सचा_वास

रिलेला छान. मोटरच्या पीडब्ल्यूएमला दोन अडचणी. एक म्हणजे तो १ अँपियरचा, आणि कमी ड्यूटीला बहुतेक वेळ करंट डायोडमधूनच फिरतो, मोटर १.४ घेतेय, हिशेब कर. दुसरं, तो बंद व्हायला आळशी आहे. मॉसफेट परत ऑन होतं तेव्हा तो क्षणभर उलटा पण वाहतो आणि तो झटका सप्लायवर येतो. ४९० हर्ट्झला एखादवेळ खपून जाईल, फ्रिक्वेन्सी वाढवलीस की तापायला लागेल.

तांब्याची_तार

आणि तो ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मोटरवर परत लावू नकोस रे बाबा. पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक पल्सला मॉसफेटला आधी तो कपॅसिटर भरावा लागतो, म्हणजे क्षणभर जवळजवळ शॉर्टच. पहिलं मॉसफेट त्यानेच खाल्लं असणार, शिवाय गेट ४ व्होल्टवर होतं, म्हणजे दुबळा पैलवान आणि वर पोतं. तोच कपॅसिटर तिथून काढ आणि १२ व्होल्ट ते ग्राउंड लाव, जिथे मोटरचा प्लस आणि मॉसफेटचा सोर्स सप्लायला मिळतात त्याच्या अगदी जवळ. तिथे तो सोन्यासारखा. मोटरच्या टोकांवर लावायचाच तर १०० नॅनोचा सिरॅमिक लाव, ब्रशच्या ठिणग्यांचा कचरा दाबायला, त्याने काही बिघडत नाही.

रिसेटचं पण याच्याशी नातं आहे. मोटरची ग्राउंड वायर आर्डुइनोच्या ग्राउंड पिनमधून जातेय का? फोटो नाही म्हणून विचारतो.

गुंडाळी_मास्टर

हो. अ‍ॅडॉप्टर आर्डुइनोच्या जॅकमध्ये, तिथून व्हीआयएन (सप्लायच्या) पिनवरून मोटरला १२ व्होल्ट आणि ग्राउंड पिनवरून ब्रेडबोर्डची पट्टी. चूक आहे का?

रिटायर्ड_वायरमन

अरे मग मोटरचा सगळा करंट आर्डुइनोच्या पोटातून जातोय की. पाटाचं पाणी स्वयंपाकघरातून नेल्यासारखं. जॅकच्या मागे बोर्डावर एक छोटा डायोड असतो, त्याच्यातून पण तो करंट जातोय, तो साधारण १ अँपियरचाच असतो. आणि ब्रेडबोर्डच्या पट्ट्या पण अँपियरच्या पुढे नेऊ नयेत, स्प्रिंग ढिल्या पडतात, मग त्या भोकात काहीही लावलं तरी लूज.

असं कर. अ‍ॅडॉप्टरच्या वायरी आधी एका स्क्रू टर्मिनलवर आण. तिथून मोटरचा प्लस वेगळा आणि मॉसफेटचा सोर्स वेगळा, जाड वायरने. त्याच टर्मिनलवरून आर्डुइनोला स्वतंत्र जोडी. ग्राउंड सगळ्यांचे एकाच स्क्रूवर भेटले पाहिजेत, एकातून दुसऱ्यात नाही. ग्राउंड जोडायचंच नाही असं मात्र करू नकोस, काही पोरं तेही करतात, मग गेटला रेफरन्सच राहत नाही.

गुंडाळी_मास्टर

झालं!!! सांगतो सगळं.

आधी फक्त डायोड लावला, बाकी तसंच ठेवलं, मुद्दाम, म्हणजे कशाने काय झालं ते कळावं. मोटर ३८ ला सुटली. सुटली म्हणजे उसळी नाही, हळूच, स्पूलवर मी पेनाने खूण केलीय ती डोळ्याने मोजता येईल इतक्या सावकाश फिरली. मी पॉट ०-१०२३ वरून ०-२५५ करत होतो ते आता ३५-२५५ केलंय आणि पॉट १० च्या खाली असेल तर सरळ शून्य, त्यामुळे नॉबचा सुरुवातीचा मेलेला भाग पण गेला.

मग स्क्रू टर्मिनल. रिसेट जवळजवळ गेला, फक्त नॉब झर्रकन फिरवला तर एकदा झाला. अ‍ॅडॉप्टरवर मीटर लावून बघितलं तर तेव्हा १२ चे ९ होतात, आणि मीटर तर हळू असतो, खरं त्याहून खाली जात असणार. मोटरचं गुंडाळीचं रेझिस्टन्स २.२ ओहम आलं.

तांब्याची_तार

२.२ ओहम म्हणजे थांबलेल्या मोटरला एकदम १२ व्होल्ट दिलेस तर साडेपाच अँपियरपर्यंत मागणार, तुझा अ‍ॅडॉप्टर २ चा. कोडमध्ये रँप टाक. नॉब सांगतो ते टार्गेट, आणि प्रत्यक्ष व्हॅल्यू दर ५ मिलीसेकंदाला १ नेच सरकू दे. शून्य ते पूर्ण एक-सव्वा सेकंद लागेल, तारेला पण तेच हवंय.

कुणीतरी येऊन सांगेल की सुरुवातीला २०-३० मिलीसेकंद फुल पॉवरची किक दे मग खाली ये. पंख्याला, पंपाला ती युक्ती चांगली आहे. तुला नको, तुझी तार किकेतच जाईल.

फुकटचा_सल्ला

मी तेच सांगायला आलो होतो 😄

पाचशेपंचावन्न

थोडं अवांतर, पण आयआरएफ५४०एनला उगाच शिव्या नकोत. ५५५ टायमरचं सर्किट १२ व्होल्टवर केलं की त्याचा आउटपुट १० व्होल्टच्या वर जातो, तिथे हेच मॉसफेट मस्त थंड चालतं. नेटवर मिळणारी जुनी मोटर कंट्रोलची सर्किटं बहुतेक त्याच जातीची, लोक त्यातलं मॉसफेट तेवढं उचलतात आणि आर्डुइनोच्या ५ व्होल्टला जोडतात. आर्डुइनोसोबत लॉजिक लेव्हलचं, म्हणजे ५ व्होल्टला पण नीट ऑन होणारं घ्या, आयआरएलझेड४४एन. पायांची मांडणी तीच, काढून घाला.

गुंडाळी_मास्टर

ते पण घातलं आज. ड्रेन-सोर्स ०.०६ दाखवतंय, मॉसफेट गार. रँप टाकल्यावर रिसेट एकदाही नाही. ६०० फेऱ्या पूर्ण केल्या, तार अखंड, आकडा पण शेवटपर्यंत राहिला.

आता एकच उरलंय, ती ४९० हर्ट्झची शिट्टी. घरचे वैतागलेत. टायमर १ चा प्रीस्केलर (टायमरचा वेग ठरवणारी सेटिंग) बदलून ३१ किलोहर्ट्झ करता येतं असं वाचलं, करू का?

फ्लक्सचा_वास

करता येतं, पिन ९ टायमर १ वर आहे म्हणून मिलीसेकंदाच्या मोजणीला धक्का पण लागत नाही. पिन ५ किंवा ६ असती तर टायमर ० बदलावा लागला असता आणि तुझी रँपची सगळी वेळ बिघडली असती.

पण दोन गोष्टी. २२० ओहममधून गेट भरायला १-२ मायक्रोसेकंद जातात. ४९० ला त्याचं कुणाला पडलेलं नाही, पण ३१ किलोहर्ट्झला अख्खी सायकलच ३२ मायक्रोसेकंदांची, त्यात ऑन होताना आणि ऑफ होताना दोन्हीकडे तो वेळ जाणार, तेवढा वेळ मॉसफेट अर्धवट ऑन. परत गरम. १५० ओहमपर्यंत उतरता येईल, पिनची कमाल मर्यादा ४० मिलीअँपियर आहे ती लक्षात ठेवून, त्याहून पुढे मग गेट ड्रायव्हर आयसी. आणि दुसरं, शिट्टीसोबत ती बारीक थरथर पण जाते, जी अडलेल्या मोटरला सुटायला मदत करत असते. मॉडेल रेल्वेवाले हळू चालीसाठी मुद्दाम कमी फ्रिक्वेन्सी ठेवतात ते त्यासाठीच. तुझी मोटर ३८ ला सुटतेय ती कदाचित ५० ला सुटेल.

गुंडाळी_मास्टर

मग राहू दे शिट्टी. दरवाजा लावून गुंडाळतो.

पहिलाच_प्रोजेक्ट

माझी पण मोटर सेम अशीच गुणगुणते, फक्त माझ्याकडे मॉसफेट नाही, एल२९८ मोटर ड्रायव्हर आयसी आहे. हेच सगळं लागू होतं का?

तांब्याची_तार

नाही, त्याच्यात मॉसफेट नसून साधे ट्रान्झिस्टर आहेत, तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. वेगळा धागा काढ, आणि पहिल्याच पोस्टमध्ये लिही की मोटरच्या टोकांवर पूर्ण स्पीडला किती व्होल्ट येतात.